फुफ्फुसदाह आणि हृदयाची साक्ष : एका वैद्यकीय चिन्हाचा इतिहास

(१) प्रास्ताविक

वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे, हे आरंभीच सांगून टाकणे उचित होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने फुफ्फुसदाहाच्या, म्हणजे आपण व्यवहारात ज्याला न्यूमोनिया म्हणतो त्या रोगाच्या, इतिहासात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर असे की, रोगाची चिन्हे वाचणे ही मूलतः अर्थनिर्णयाचीच क्रिया आहे. चिन्ह, त्याचा निर्देश, आणि निर्देश समजून घेणारा मनुष्य, ही त्रयी जशी भाषेत आहे तशीच ती रुग्णशय्येपाशीही आहे. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी लेखकाची मावशी तीव्र फुफ्फुसदाहाने रुग्णालयात दाखल झाली. वय बहात्तर. तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीचा कागद हाती आला. त्यात ‘ट्रोपोनिन’ या शब्दासमोरचा आकडा मर्यादेपेक्षा बराच वर होता. कामावर असलेल्या तरुण डॉक्टरांनी, “हृदयावर ताण आलेला दिसतो, हे लक्षण चांगले नाही,” असे सांगितले. घरच्या मंडळींनी त्याचा अर्थ ‘हार्ट अ‍ॅटॅक आला’ असा केला, आणि तासाभरात तो ‘आता काही खरे नाही’ असा झाला. परगावच्या नातेवाइकांना निरोप गेले. तिला अखेरचे घरी न्यावे काय, अशीही कुजबुज व्हरांड्यात सुरू झाली.

मावशी त्या आजारातून उठली. परंतु तो आकडा काय सांगत होता, आणि आम्ही त्यात काय वाचले, हा प्रश्न लेखकाच्या मनातून गेला नाही. फुफ्फुसाच्या रोगात हृदयाची साक्ष काढण्याची ही रीत कोठून आली, तिने कोणकोणती रूपे घेतली, आणि तिच्या वाचनात कोणत्या चुका घडत आल्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

(२) अरिष्ट, निदान आणि ‘क्रायसिस’

रोगाचा शेवट आधी ओळखण्याची इच्छा वैद्यकाइतकीच जुनी आहे. चरकसंहितेचे इंद्रियस्थान, त्याचे बाराही अध्याय धरून, याच एका विषयाला वाहिलेले आहे. रुग्णाचा वर्ण, स्वर, गंध, छाया, स्वप्ने यांत जे मृत्युसूचक फरक दिसतात त्यांना तेथे ‘अरिष्ट’ अशी संज्ञा आहे. फुलावरून फळाचा अंदाज यावा तसा अरिष्टावरून मृत्यूचा येतो, हा दृष्टान्त चरक व सुश्रुत या दोघांनीही वापरला आहे. चरकाने मात्र त्याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. फळावाचून फूल असू शकते आणि फुलावाचून फळही असू शकते. परंतु अरिष्ट उमटले आणि मृत्यू आला नाही, असे मात्र होत नाही, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन आहे. जेथे अरिष्ट उमटूनही मरण टळल्यासारखे वाटते, तेथे चिन्ह खोटे ठरत नसून पाहणाऱ्याची पारख चुकलेली असते. सुश्रुताने तप, जप, रसायन यांच्या बळावर अरिष्ट टळण्याची वाट थोडी मोकळी ठेवली आहे. पण नियम म्हणून त्यालाही मरण ध्रुवच वाटते. सारांश, अरिष्ट हे शक्यता सांगणारे चिन्ह नव्हे. तो निकाल होय.

येथे ‘निदान’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पंचकात निदान म्हणजे रोगाचे कारण. आजच्या मराठीत तोच शब्द रोग ओळखण्याच्या क्रियेला लागला आहे. कारण आणि ओळख, या दोन कल्पना एकाच शब्दात अशा मिसळल्यामुळे, जे चिन्ह रोगाची ओळख पटविते तेच त्याचे कारणही असावे, असा समज आपल्या बोलण्यात सहज शिरतो. हा समज केवळ मराठी भाषकांपुरता नाही, हे पुढे दिसून येईल.

ग्रीक परंपरेत याच क्षेत्रातला मध्यवर्ती शब्द ‘क्रिसिस’ हा होय. निवडणे, वेगळे करणे, निर्णय देणे या अर्थाच्या धातूपासून तो निघाला आहे. हिपोक्रेटिसच्या संप्रदायात ज्वराचा निर्णय ठराविक दिवशी लागतो असे मानीत. प्रतिजैविके नसलेल्या काळात खंडीय फुफ्फुसदाहात हे दृश्य खरोखरच दिसत असे. पाच-सात दिवस तीव्र ताप राहावयाचा आणि मग काही तासांत दरदरून घाम सुटून तो उतरावयाचा, किंवा रुग्ण दगावयाचा. आपल्याकडे सुश्रुताच्या उत्तरतंत्रात संनिपातज्वराविषयी जवळपास असेच विधान आहे : सातव्या, दहाव्या किंवा बाराव्या दिवशी तो अधिक घोर रूप घेतो आणि मग एकतर शमतो, नाहीतर मारतो. यावरून संनिपातज्वर म्हणजेच फुफ्फुसदाह असे समीकरण मांडणे अर्थातच धाडसाचे होईल. एवढे मात्र म्हणावयास हरकत नाही की, रोगाला मुदत असते आणि मुदतीच्या दिवशी निकाल लागतो, ही कल्पना दोन्ही परंपरांत रुजलेली होती. मराठीत विषमज्वराला ‘मुदतीचा ताप’ म्हणतात, त्यामागेही हीच कल्पना आहे.

(३) नाडीपासून रक्तदाबापर्यंत

अर्वाचीन काळात फुफ्फुसाची तपासणी प्रत्यक्ष होऊ लागली ती दोन शोधांमुळे. १७६१ साली व्हिएन्नाच्या औएनब्रुगर याने छातीवर बोटांनी ठोकून आतील घट्टपणा ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८१९ साली पॅरिसच्या लेनेक याने स्टेथस्कोपवरील आपला ग्रंथ प्रकाशित केला. रोगग्रस्त फुफ्फुस यकृतासारखे घट्ट व जड होते हे पाहून त्या अवस्थेला त्याने यकृतावरून नाव दिले. आता रोग कोठे आहे हे कानाने कळू लागले. तो कितपत भारी आहे हे मात्र कानाने कळत नव्हते. एका फुफ्फुसाचा लहानसा भाग व्यापलेला रुग्ण मरत असे आणि संपूर्ण खंड घट्ट झालेला रुग्ण उठून बसत असे. फुफ्फुसातील विकृतीचे आकारमान आणि रोगाचा शेवट यांचा मेळ बसत नव्हता.

याच सुमारास पॅरिसमध्येच लुई याने रुग्णांची मोजणी करून उपचाराची परीक्षा करण्याचा पायंडा पाडला. फुफ्फुसदाहात रक्त काढण्याच्या उपचाराचा परिणाम समजला जातो त्याहून फारच मर्यादित आहे, असे त्याने १८३५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले. एकेका रुग्णाचे वर्णन करण्याऐवजी रुग्णांच्या गटाविषयी बोलण्याची भाषा येथून वैद्यकात शिरली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार आहे. कारण अरिष्टाची भाषा व्यक्तीची असते, तर शक्यतेची भाषा गटाची असते.

जंतूचा शोध १८८१ साली लागला. फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, न्यूमोकॉकस पाहिला. पुढे फ्रेंकेल याने फुफ्फुसदाहाशी त्याचे नाते प्रस्थापित केले. तरीही, कोणता रुग्ण वाचेल, या प्रश्नाला जंतूकडून उत्तर मिळेना. म्हणून लक्ष पुन्हा नाडीकडे वळले. १८९६ साली इटलीतील रीवा-रोची याने बाहूला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण सिद्ध केले, आणि १९०८ साली एडिंबरोच्या जी. ए. गिब्सन याने फुफ्फुसदाहासाठी एक साधा नियम मांडला. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला रक्तदाबाचा आकडा मिनिटाच्या नाडीच्या आकड्यापेक्षा खाली गेला की प्रकृती गंभीर समजावी. तो वर राहिला तर आशा धरावी.

दोन भिन्न परिमाणांच्या आकड्यांची अशी तुलना तर्कदृष्ट्या विचित्र वाटते खरी. परंतु तिच्यात तथ्य होते. १९६७ साली अलग्योवर आणि बुरी यांनी नाडीला आकुंचनकालीन रक्तदाबाने भागून ‘शॉक-निर्देशांक’ तयार केला. तो निर्देशांक एकाच्या वर जाणे आणि गिब्सनच्या नियमाप्रमाणे दाब नाडीखाली उतरणे, ही एकच घटना होय. हृदयाभिसरणाची साक्ष अंकांत मांडणारा फुफ्फुसदाहातील आरंभीचा प्रयत्न म्हणून गिब्सनचे नाव स्मरणात ठेवण्यास पात्र आहे.

(४) मृत्यू कोठे घडतो?

या नियमांच्या मागे एक मोठा वाद उभा होता. १८७० नंतरच्या दशकात जर्मनीतील यूर्गेनसेन याने असे आग्रहाने प्रतिपादिले की, फुफ्फुसदाहात खरा धोका फुफ्फुसाला नसून हृदयाला असतो, आणि म्हणून हृदयाचे रक्षण हेच उपचाराचे सूत्र असावे. हे मत दूरवर पसरले. इंग्रजी भाषिक जगात ज्याच्या पाठ्यग्रंथाने १८९२ पासून पिढ्या घडविल्या त्या विल्यम ऑस्लरने, बन्यनने क्षयाला दिलेले मृत्यूच्या सेनेचे नायकपद काढून फुफ्फुसदाहाला बहाल केले. १९१९ च्या डिसेंबरात स्वतः ऑस्लरचा अंत फुफ्फुसाच्या दाहाने व त्यातून उद्भवलेल्या उपद्रवांनीच झाला.

हृदयवादाला पहिला मोठा धक्का १८९९ साली बसला. रोंबर्ग, पेसलर आणि त्यांचे सहकारी यांनी सशांवर प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की, न्यूमोकॉकसच्या संसर्गात रक्तदाब कोसळतो तो रक्तवाहिन्यांचे नियमन करणारे मज्जाकेंद्र निकामी झाल्यामुळे. हृदयाची शक्ती त्या मानाने टिकून असते. १९१५ साली हार्वर्डमध्ये न्यूबर्ग आणि पोर्टर यांनी प्रश्न आणखी नेमका केला. फुफ्फुसदाह झालेल्या प्राण्याच्या हृदयस्नायूला निरोगी रक्त पुरविले तर तो नीट काम करतो. उलट निरोगी हृदयस्नायूला रोग्याचे रक्त दिले तर त्याचे काम बिघडते, असे त्यांना आढळले. दोष स्नायूत कायमचा बसलेला नसून रक्तातून येणाऱ्या कशात तरी आहे, असा याचा अर्थ होतो. आजच्या ज्ञानाच्या उजेडात हा प्रयोग दूरदर्शी वाटतो.

प्रयोगशाळेत हा वाद चालू असता रुग्णशय्येपाशी काय घडत होते? हृदय संकटात आहे असे चिन्ह दिसते, तेव्हा हृदयाला औषध द्या, हा तर्क सरळ वाटला, आणि डिजिटॅलिस हे औषध फुफ्फुसदाहात सर्रास दिले जाऊ लागले. अनेक दशके ही प्रथा चालली. अखेर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वायकॉफ, ड्युबॉय आणि वुड्रफ यांनी काही रुग्णांना डिजिटॅलिस देऊन व काहींना न देऊन तुलना केली आणि १९३० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नित्य उपचार म्हणून डिजिटॅलिस हितकर असल्याचे त्यांना आढळले नाही. उलट ते अहितकर असण्याचाच संभव दिसला. चिन्ह खरे होते. त्या चिन्हाला कारण मानून त्यावरच उपचार करणे मात्र चुकीचे होते. ‘निदान’ या आपल्या शब्दात जो संकर आपण वर पाहिला, त्याची किंमत येथे रुग्णांनी मोजली असे म्हणावे लागते.

(५) औषधांचे युग आणि उरलेला प्रश्न

१९३८ साली चित्र पालटले. बर्मिंगहॅम येथे इव्हान्स आणि गेस्फर्ड यांनी सल्फापिरिडीन हे नवे औषध शंभर रुग्णांना दिले व शंभरांना दिले नाही. औषध मिळालेल्यांपैकी ८ दगावले. न मिळालेल्यांपैकी २७. त्यानंतर पेनिसिलिन आले. सातव्या दिवसाची ती नाट्यमय ‘क्रिसिस’ पाठ्यपुस्तकांतूनच काय ती उरली. जंतू मारता येतो म्हटल्यावर हृदय की रक्तवाहिन्या हा वाद कोणाला महत्त्वाचा वाटेना, आणि तो न सुटताच विस्मृतीत गेला.

परंतु १९६४ साली ऑस्ट्रियन आणि गोल्ड यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. रक्तात न्यूमोकॉकस शिरलेल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला होता. पेनिसिलिनमुळे एकूण मृत्यू फार कमी झाले, हे त्यातून स्पष्टच झाले; पण आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे मृत्यू होत, त्यांत औषधाने फारसा फरक पडत नव्हता. काही रुग्णांच्या शरीराची हानी औषध पोहोचण्यापूर्वीच इतकी झालेली असते की जंतू मरूनही रोगी वाचत नाही, असा निष्कर्ष यातून निघतो. अशा रुग्णांना लवकर ओळखणे हेच मग संशोधनाचे उद्दिष्ट झाले.

त्यासाठी प्रथम रुग्णशय्येपाशीच मिळणाऱ्या माहितीचे गुणांकन करण्यात आले. १९९७ साली फाइन व त्यांचे सहकारी यांनी १४,१९९ रुग्णांच्या नोंदींवरून तीव्रतेचा निर्देशांक बसविला आणि ३८,०३९ रुग्णांच्या दुसऱ्या गटावर तो तपासून पाहिला. २००३ साली लिम आणि सहकाऱ्यांनी पाचच गोष्टींची सोपी मोजपट्टी दिली : बुद्धिभ्रम, रक्तातील युरियाची वाढ, मिनिटाला तीस किंवा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब, आणि पासष्ट किंवा त्याहून अधिक वय. या दोन्ही मोजपट्ट्यांत रक्तदाब आहे, हे गिब्सनच्या नियमाचे दूरचे वारसत्व होय. हृदयाची साक्ष मात्र त्यांत रक्तदाब व नाडी यांवरच, किंवा पूर्वीच्या हृदयविकाराच्या नोंदीपुरतीच, घेतलेली आहे.

(६) रक्तातील चिन्हे आणि त्यांची नावे

दरम्यान हृदयाची साक्ष रक्तातच सापडू लागली होती. १९५४ साली कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी दाखविले की, हृदयस्नायूचा भाग मेल्यावर त्याच्या पेशींतील एक विकर रक्तात वाढलेले आढळते. ते विकर यकृतातूनही येत असल्याने ही साक्ष संदिग्ध होती. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एबाशी यांनी स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे एक प्रथिन वेगळे करून त्याला ‘ट्रोपोनिन’ हे नाव दिले. हृदयातील ट्रोपोनिनची घडण इतर स्नायूंतील ट्रोपोनिनहून निराळी असते. याचा उपयोग करून १९८७ साली कमिन्स यांनी आणि १९८९ साली काटुस यांनी, ट्रोपोनिनच्या दोन वेगवेगळ्या घटकांसाठी, रक्तातील चाचण्या सिद्ध केल्या. आता रक्तात ट्रोपोनिन दिसले तर ते हृदयातूनच आले, असे खात्रीने म्हणता येऊ लागले.

दुसरे चिन्ह इजेचे नसून ताणाचे आहे. १९८१ साली कॅनडात द बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अर्क इतर उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे मीठ व पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडले. हृदय हा केवळ पंप नसून संप्रेरके स्रवणारी ग्रंथीही आहे, हे यातून सिद्ध झाले. १९८८ साली जपानमध्ये सुडोह, कांगावा, मिनामिनो व मात्सुओ यांनी याच कुळातील दुसरे पेप्टाइड डुकराच्या मेंदूतून मिळविले आणि त्याला मेंदूवरून नाव दिले. लवकरच असे आढळले की, ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, त्यांची भिंत ताणली गेली असता, तयार होते. नाव मात्र मेंदूचेच राहिले. फार तर त्याचे आद्याक्षर ठेवून ‘बी-प्रकारचे’ असे म्हणण्याची पळवाट काढण्यात आली. १०८ अमिनो आम्लांची मूळ साखळी तुटून ३२ चा क्रियाशील भाग व ७६ चा निष्क्रिय भाग असे दोन तुकडे रक्तात येतात. दुसरा अधिक काळ टिकतो म्हणून मोजण्यास सोयीचा पडतो.

तिसरे उदाहरण ‘अ‍ॅड्रेनोमेड्युलिन’चे. १९९३ साली कितामुरा व सहकाऱ्यांना ते अधिवृक्क ग्रंथीच्या मज्जेतील एका गाठीत सापडले. म्हणून हे नाव. वस्तुतः ते मोठ्या प्रमाणावर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात तयार होते आणि वाहिन्या रुंदावते.

शब्दार्थाच्या अभ्यासकाला या नामकरणात परिचित नियम दिसेल. वस्तूला नाव मिळते ते ती प्रथम जेथे भेटली त्या जागेचे, तिच्या खऱ्या घराचे नव्हे. आणि एकदा रूढ झालेले नाव ज्ञान बदलले तरी बदलत नाही. मोसंबी हे फळ मोझांबिकच्या नावाने ओळखले जाते, आणि ते विकत घेताना कोणी आफ्रिकेचा विचार करीत नाही. व्यवहारात याने बिघडत नाही. पण रुग्णाच्या हाती जेव्हा ‘मेंदू’ या शब्दाचे नाव असलेला हृदयाचा आकडा पडतो, तेव्हा नावावरून अर्थ काढणे किती घातक होईल, हे सांगावयास नको.

(७) साक्षीची परीक्षा

ही चिन्हे फुफ्फुसदाहात का वाढतात, याची काही कारणे समजली आहेत. प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसातील वाहिन्या आकसतात व हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो. दाहक द्रव्ये हृदयस्नायूची शक्ती तात्पुरती कमी करतात. न्यूबर्ग व पोर्टर यांना रक्तात ज्याचा संशय आला होता ते बहुधा हेच. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी असेही दाखविले की, न्यूमोकॉकस प्रत्यक्ष हृदयाच्या भिंतीत शिरून सूक्ष्म व्रण करू शकतो. म्हणजे यूर्गेनसेन आणि रोंबर्ग, हे दोघेही आपापल्या परीने अंशतः बरोबर होते.

घटनांचे प्रमाणही पुढे आले. २००७ साली मशर व सहकाऱ्यांनी ह्यूस्टन येथील १७० न्यूमोकॉकल रुग्णांच्या नोंदी तपासल्या; त्यांपैकी ३३ जणांना, म्हणजे सुमारे शेकडा १९ रुग्णांना, हृदयाचा मोठा उपद्रव झाला होता. २००८ साली स्वित्झर्लंडमधील क्राइस्ट-क्रेन व सहकाऱ्यांनी ३०२ रुग्णांत बी-प्रकारच्या पेप्टाइडचे प्रमाण पाहिले. रोगाची तीव्रता वाढेल तसे ते वाढत होते, आणि जे दगावले त्यांच्यात ते अधिक होते. २०१० साली जर्मनीतील क्रूगर व सहकाऱ्यांनी ७२८ रुग्णांत अनेक चिन्हे एकत्र ताडून पाहिली, तेव्हा अल्पकालीन व दीर्घकालीन अशा दोन्ही मृत्यूंचा अंदाज देण्यात अ‍ॅड्रेनोमेड्युलिनच्या पूर्वरूपाचा तुकडा सरस ठरला. २०२० साली वूहानमध्ये कोविडने रुग्णालयात आलेल्या ४१६ जणांपैकी ८२ जणांत ट्रोपोनिनवरून हृदयाची इजा आढळली. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ५१.२ होते, तर इतरांतील शेकडा ४.५.

हे आकडे वाचताना मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की, ही चिन्हे केवळ एकाच अर्थाची नाहीत. वय वाढले, मूत्रपिंड मंदावले, किंवा हृदयाची लय आधीपासून बिघडलेली असली, तरीही पेप्टाइड वाढते. लठ्ठ व्यक्तीत ते अपेक्षेपेक्षा कमी दिसते. शब्दाप्रमाणे चिन्हाचाही अर्थ संदर्भावाचून ठरत नाही. दुसरे पथ्य असे की, शेकडा ५१ हे विधान गटाविषयीचे आहे. त्या वूहानच्या गटातही जवळजवळ निम्मे रुग्ण त्या अहवालाच्या काळात मृत्यू पावले नव्हते. म्हणूनच २०१९ साली अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांनी संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शिकेत, रुग्णाला दाखल करावे की नाही हे ठरविताना, फाइन यांचा निर्देशांक आणि त्याला वैद्याच्या विवेकाची जोड, असाच सल्ला दिला आहे. हृदयाच्या चिन्हांना तेथे निर्णायक स्थान मिळालेले नाही.

ट्रोपोनिनच्या बाबतीत भाषेनेही एक पाऊल पुढे टाकले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येत ‘हृदयस्नायूची इजा’ ही संज्ञा हृदयविकाराच्या झटक्याहून स्पष्टपणे वेगळी केली आहे. आकडा मर्यादेवर गेला म्हणजे इजा आहे. झटका म्हणावयाचे तर रक्तपुरवठा तुटल्याचा अन्य पुरावाही हवा. मराठीत आपण हा भेद अद्याप रूढ केलेला नाही. ‘झटका’ या शब्दात आकस्मिक आघात आहे आणि त्याच्या पाठोपाठ मृत्यूची सावली आहे; ‘इजा’ या शब्दात भरून येण्याला जागा आहे. रुग्णालयाच्या व्हरांड्यात या दोन शब्दांमधले अंतर केवळ कोशातले राहत नाही.

(८) समारोप

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. त्या तरुण डॉक्टरांचे विधान यथार्थ होते. त्यांनी ‘लक्षण’ म्हटले. आम्ही ‘अरिष्ट’ ऐकले. आधुनिक वैद्यकाने संभाव्यतेची भाषा स्वीकारून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, परंतु ती ऐकणाऱ्याच्या मनात अद्याप चरकाचे फूल आणि फळच आहे, असे या अनुभवावरून वाटते.

यातून एक चूक झाली ती सर्वांना दिसण्यासारखी होती : आशा असताना आम्ही ती सोडावयास निघालो होतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म, आणि लेखकाच्या मते अधिक गंभीर आहे. मावशी बरी होऊन घरी आली, तेव्हा तो आकडा खोटा ठरला असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. अरिष्टाची ही मीमांसाच आहे. मरण आले नाही, तेव्हा ते अरिष्टच नव्हते. परंतु शक्यता घडली नाही म्हणून ती खोटी होत नाही. कोरालेस-मेदिना व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले आहे की, फुफ्फुसदाहाने रुग्णालयात राहून आलेल्या व्यक्तींना हृदयविकाराचा वाढीव धोका पुढे दहा वर्षांपर्यंतही आढळतो. आम्ही तो कागद फायलीत ठेवून दिला. तिचे हृदय पुन्हा तपासून घ्यावे, रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे, हे कोणाच्या मनात आले नाही. तसे सुचविणारा कागद घरात असूनही आले नाही. चौदा महिन्यांनी ती हृदयविकाराने गेली.

एका उदाहरणावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे लेखकाला मान्य आहे. तपासणी केली असती तर ती जगली असती, असेही येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते एवढेच की, चिन्हाला निकाल समजणारा मनुष्य दोनदा फसतो. चिन्ह दिसताच तो धीर सोडतो, आणि संकट टळताच चिन्ह विसरतो. डिजिटॅलिसच्या काळातील वैद्यांनी चिन्हाला कारण मानले. आम्ही त्याला निकाल मानले. दोन्ही चुकांचे मूळ अर्थनिर्णयात आहे, आणि म्हणून त्यांचा विचार केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही. मराठीतून वैद्यकीय परिभाषा घडविताना ‘चिन्ह’, ‘कारण’, ‘शक्यता’ आणि ‘निकाल’ या चार अर्थांना चार स्वतंत्र शब्द मिळतील आणि ते रुग्णाच्या आप्तांपर्यंत पोहोचतील, याची काळजी आपल्या विभागांनी वाहिली पाहिजे. त्या दृष्टीने प्रस्तुत विवेचन काही उपयोगी पडल्यास लेखकाला समाधान वाटेल.